जुने यंत्र आणि दानाचा पैसा

अभ्यासासाठी वाचन: लूक १४:२८-३०, नीतिसूत्रे २०:१४, निर्गम २१:३३-३४, २ करिंथ ८:२०-२१



जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरील पाण्याच्या कामासाठी एक जुने, छोटे खोदाई यंत्र घ्यावे, असे आवाहन आपण पावसाळ्यापूर्वीच्या अंकात केले होते. देवाच्या कृपेने आणि तुमच्या उदार मनाने आठ लाख रुपये जमले. कोणी पेन्शनमधून दिले, एका मंडळीच्या महिला संघाने लोणची-पापड विकून दिले, रविवार शाळेच्या मुलांनी डबे भरून पाठवले. आता नाताळही होऊन गेला, तरी यंत्र आलेले नाही. "पैसे दिले, मग जेसीबी कुठे आहे?" असे तीन-चार जणांनी विचारले. विचारणे रास्तच आहे. हा पाठ त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून लिहीत आहे. ज्या मंडळ्यांना उद्या जुनी गाडी, जनरेटर किंवा पंप घ्यायचा असेल, त्यांनाही तो उपयोगी पडावा.

लूक १४ मध्ये प्रभू येशू बुरूज बांधणाऱ्या माणसाचा दाखला देतो. तो माणूस आधी बसतो आणि काम पुरे करण्याइतका पैसा आहे का, याचा हिशेब करतो. पाया घालून काम अडले तर पाहणारे हसतील, हे त्याला कळते. हा दाखला शिष्यत्वाविषयी आहे, यंत्राच्या खरेदीविषयी नाही, हे मला ठाऊक आहे. पण ऐकणाऱ्यांना हिशेबाला बसणे म्हणजे काय हे रोजच्या व्यवहारातून माहीत होते, म्हणूनच तो त्यांना समजला. आपल्या समितीलाही आधी बसावे लागले, आणि बसल्यावर जे दिसले ते आम्ही धरून चाललो होतो त्यापेक्षा वेगळे निघाले.

यंत्र कशाला?

ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांना आश्चर्य वाटते. जव्हार-मोखाड्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि फेब्रुवारी उलटला की बायका हंडे घेऊन दरीत उतरतात. पाणी कातळावरून धावते आणि निघून जाते. झरे आहेत, पण ते पाड्याच्या खाली आहेत किंवा गाळाने बुजले आहेत. दिवाळीनंतर वारली, कातकरी, ठाकूर कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. मुलांची शाळा तिथेच सुटते. पाड्यावर पाणी राहिले तर वाल, हरभरा, थोडी भाजी होते, आणि काही घरे तरी जात नाहीत. म्हणून झऱ्यापासून पाइपलाइनचे चर, लहान शेततळी आणि भाताच्या खाचरांची दुरुस्ती अशी कामे आपण हाती घेतली आहेत.

इथे समितीतल्या एका ज्येष्ठ बहिणीने जो प्रश्न विचारला तो मला महत्त्वाचा वाटतो. त्या म्हणाल्या, "माणसे मजुरीसाठी गाव सोडतात म्हणून आपण रडतो, आणि मग त्यांच्या हातचे खोदकाम यंत्राला देतो. हे कसे?" याला चटकन उत्तर नव्हते. रोजगार हमीचा मूळ नियमही हेच सांगतो की माणसांचे काम हिरावणारे यंत्र त्या कामावर लावायचे नाही, आणि तो नियम शहाणपणाचा आहे. शेवटी असे ठरले की समतल चर, दगडी बांध, झऱ्यातला गाळ आणि कुंपण ही कामे हातानेच होतील व त्यांची मजुरी पाड्यावरच दिली जाईल. जिथे घट्ट मुरूम आहे, जिथे एका माणसाला एक मीटर चर खोदायला दिवस लागतो, तिथेच यंत्र जाईल. अखंड कातळात मात्र छोट्या यंत्राची बकेट नुसती घासते आणि दात झिजतात. तिथे ब्रेकर लागतो, आणि तो आपल्या आवाक्याबाहेरचा आहे. कामांच्या यादीतून अशा दोन जागा आम्ही सरळ काढून टाकल्या.

भाड्याने की विकत?

ही छाननी केल्यावर एका हंगामात, म्हणजे नोव्हेंबर ते मे, यंत्राचे साडेचारशे तासांचे काम उरले. आमच्या भागात छोट्या यंत्राचे भाडे ताशी अकराशे रुपये धरले, तर ४,९५,००० रुपये होतात. ट्रेलरने ने-आण करण्याचे ४५,००० मिळवले की ५,४०,०००.

स्वतःचे यंत्र असेल तर खर्च थांबत नाही. ताशी साडेचार लिटर डिझेल धरले तर २,०२५ लिटर, ९२ रुपयांच्या भावाने सुमारे १,८६,०००. ऑपरेटरचा पगार महिना १६,००० प्रमाणे आठ महिन्यांचा १,२८,०००. ऑइल, फिल्टर, ग्रीस, बकेटचे दात, पिना, होज पाइप यांना ८०,०००. विमा, कर व कागदपत्रांना ३०,०००. बेरीज ४,२४,०००. म्हणजे वर्षाला वाचतात एक लाख सोळा हजार. आठ लाखांचे यंत्र या वेगाने फिटायला सात वर्षे लागतील, आणि जुने यंत्र सात वर्षांनी कुठल्या अवस्थेत असेल ते सांगायला नको.

हा आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा खोली शांत झाली. आवाहन करण्याआधीच हा हिशेब मांडायला हवा होता. तो मांडला नाही ही आमची चूक आहे आणि ती इथे कबूल करतो.

मग विकत घ्यायचे तरी का? दोन कारणे उरली. एक, भाड्याचा मालक दोन-तीन तासांच्या कामासाठी दरीतल्या पाड्यावर यंत्र पाठवत नाही, आणि मे महिन्यात, पाऊस तोंडावर असताना, प्रत्येकालाच यंत्र हवे असते. मागच्या वर्षी एका पाड्याचा चर अर्धा खोदून राहिला आणि पावसात बुजला. पाया घालून बुरूज सोडण्याचा तोच प्रकार. दुसरे, शेजारच्या पाड्यांना व इतर मंडळ्यांना आपले यंत्र केवळ डिझेल आणि झीज यांच्या खर्चात दिले, तर प्रत्येक तासाला त्यांचे सुमारे पाचशे रुपये वाचतात. असे तीनशे तास झाले तर दीड लाख रुपये गरिबांच्या खिशात राहतात. दोन्ही मिळून वर्षाला २,६६,०००, म्हणजे यंत्र तीन वर्षांत फिटते. पण एवढे काम यंत्राला मिळणार असेल तरच. म्हणून आठ पाड्यांच्या ग्रामसभांना आणि दोन शेजारच्या मंडळ्यांना विचारून तासांची मागणी लेखी घेतली. ती आल्यावरच आम्ही यंत्र पाहायला बाहेर पडलो. यात सप्टेंबर आणि ऑक्टोबर गेले.

एका हितचिंतकाने सुचवले की सहा लाख कर्ज काढून मोठेच यंत्र घ्या. सार्वजनिक विश्वस्तसंस्थेला धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय कर्ज काढता येत नाही, हे एक. दुसरे म्हणजे मोठे यंत्र पाड्याच्या वाटेवर मावत नाही.

कोणते यंत्र?

आपण सगळेच पिवळ्या यंत्राला जेसीबी म्हणतो. ती अक्षरे जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज माणसाच्या नावाची आहेत. त्याने १९४५ साली कंपनी सुरू केली, आणि भारतात तिचे यंत्र १९७९ पासून बनू लागले. आज इतर अनेक कंपन्याही पुढे लोडरची बकेट आणि मागे खोदणारा हात असलेली ही बॅकहो लोडर यंत्रे बनवतात. जुने घेताना नावापेक्षा त्याचे सुटे भाग नाशिक किंवा ठाण्यात मिळतात का, आणि ते खोलता येणारा मिस्त्री जवळ आहे का, हे मोलाचे आहे. स्वस्त मिळाले म्हणून बंद पडलेल्या कंपनीचे यंत्र घेणारे पुढे सील किटसाठी दारोदार फिरतात.

नेहमीचे मोठे यंत्र साधारण साडेचार मीटर खोल जाते, छोटे तीन मीटरच्या आसपास. आपली शेततळी तीन मीटरचीच असतात आणि पाइपचा चर तर कमरेइतका, तेव्हा छोटे पुरते. वजन कमी असल्याने ओल्या खाचरात रुतत नाही आणि गावच्या मोरीवरून जाते. आणखी एक गोष्ट. एप्रिल २०२१ पासून ३७ किलोवॅट व त्यावरील इंजिनांच्या अशा यंत्रांना धुराचे कडक नियम लागू झाले. त्यामुळे नव्या इंजिनांत संगणकाचा भाग वाढला. हवेसाठी ते चांगलेच आहे. पण दरीत सेन्सर बिघडला तर लॅपटॉपवाला मिस्त्री बोलवावा लागतो. आमच्यासारख्यांना साध्या, हाताने दुरुस्त होणाऱ्या पंपाचे जुने इंजिन परवडते.

किमतीची मर्यादा समितीने ठरावात लिहून ठेवली: साडेसहा लाखांच्या वर एक रुपयाही नाही, आणि उरलेले दीड लाख पहिल्या दुरुस्तीसाठी राखीव. जुने यंत्र घेतल्याच्या पहिल्या सहा महिन्यांत पैसा मागतेच. सगळी रक्कम किमतीत घालवणारा माणूस पहिला होज पाइप फुटला की हात पसरतो.

पहिले यंत्र

पहिले यंत्र नाशिकच्या बाजूला एका विक्रेत्याच्या आवारात पाहिले. किंमत साडेपाच लाख. यंत्र असे चमकत होते की आमच्यातला एक तरुण भाऊ फोटो काढू लागला. मला मात्र ताजा रंग दिसला की आनंद होत नाही. रंगाखाली काय आहे ते पाहायला टॉर्च लागते.

इंजिन थंड ठेवा असे फोनवर सांगितले होते, तरी बॉनेटवर हात ठेवला तर गरम. थंड इंजिन पहिल्या सेल्फला कसे उठते आणि पहिल्या मिनिटाला कोणता धूर टाकते, यावर बरेच काही कळते. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही थांबत नसेल, तर डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी आत शिरते आहे. आधीच गरम करून ठेवलेले इंजिन ही साक्ष देत नाही. ऑइलची पट्टी काढून पाहावी, ऑइल दुधासारखे पांढरट असेल तर तिथूनच परतावे. ते तसे नव्हते.

तास मीटर ३,१०० दाखवत होता, आणि यंत्र सात वर्षांचे. भाड्यावर चालणारे यंत्र वर्षाला दीड-दोन हजार तास सहज चालते. पायाखालच्या पेडलचे रबर झिजून लोखंड दिसत होते, लिव्हरच्या मुठी गुळगुळीत झाल्या होत्या. मीटर बदलता येतो, पण पेडलची झीज परत भरून आणता येत नाही.

मग पिना. बकेट जमिनीवर टेकवून हात थोडा दाबायचा, थोडा उचलायचा, आणि प्रत्येक सांध्यात पिन आणि बुश यांच्यात किती फट उघडते ते जवळून पाहायचे. इंजिन बंद करून मागचा हात माणसाने डावीकडे-उजवीकडे हलवायचा. जिथून तो हात वळतो त्या मुख्य सांध्यात प्ले असेल, तर काम मोठे आणि खर्चिक. या यंत्राचा हात दारासारखा खुळखुळत होता. हाताच्या मुळाशी टॉर्च मारली तर रंगाखाली वेल्डिंगची पट्टी दिसली. नुसते वेल्डिंग हा गुन्हा नव्हे, पण ते तडा लपवायला केले आहे की मजबुतीसाठी, हे विचारले पाहिजे. विक्रेता म्हणाला, "कंपनीचंच आहे ते." कंपनी असे गाठी-गाठीचे वेल्डिंग करत नाही.

तरीही खोदून दाखवा म्हटले. पंधरा मिनिटे यंत्र उत्तम चालले आणि विक्रेत्याने किल्ली काढली. आम्ही डिझेलचे पैसे देऊन तासभर चालवायला सांगितले. इथे सर्वांनी लक्ष द्यावे, कारण फसगत बहुधा इथेच होते. हायड्रॉलिक ऑइल थंड असताना घट्ट असते, झिजलेला पंपही तेव्हा जोर दाखवतो. ऑइल तापून पातळ झाले की खरे रूप कळते. चाळीस मिनिटांनी तोच हात भरलेली बकेट उचलताना दमू लागला. आमच्या मिस्त्रीने पंप, पिना-बुश आणि वेल्डिंगचा अंदाज अडीच लाख दिला. साडेपाच लाखांचे यंत्र आठ लाखांना पडले असते आणि राखीव काहीच उरले नसते.

एक कबुली इथेच देतो. किंमत पाडायला म्हणून आमच्यातला एक भाऊ "टायर पण गेलेत" असे म्हणू लागला. टायर चांगले होते. नीतिसूत्रे २०:१४ मध्ये असाच गिऱ्हाईक आहे, जो घेताना मालाला नावे ठेवतो आणि घरी जाताना फुशारकी मारतो. विक्रेत्याने वेल्डिंगविषयी खोटे सांगितले म्हणून टायरविषयी खोटे बोलायची आपल्याला मुभा मिळत नाही. त्या भावाने गाडीत बसण्याआधी परत जाऊन तसे सांगितले. विक्रेता हसला आणि म्हणाला, "असं सांगायला कोणी परत येत नाही."

दुसरे यंत्र

दुसरे एका शेतकऱ्याचे होते, संगमनेरच्या बाजूला. रंग उडालेला, बसायची गादी फाटकी, पण प्रत्येक ग्रीसच्या निपलवर ताजे ग्रीस. सकाळी सातला गेलो तेव्हा इंजिन दवाने ओले होते. पहिल्या सेल्फला उठले, थोडा काळा धूर टाकला आणि शांत झाले. मालकाने स्वतःच सांगितले की दुसरा गिअर कधीकधी सुटतो आणि एका पायाच्या सिलिंडरमधून थेंब गळतो.

आम्ही लोडरची बकेट मातीने भरून वर उचलली, इंजिन बंद केले आणि सिलिंडरच्या दांड्यावर खडूने खूण केली. दहा मिनिटांत खूण बोटभरही सरकली नाही. मग मागचे दोन्ही पाय टेकवून यंत्राची मागची बाजू उचलून धरली. गळणारा पाय थोडा बसला, दुसरा जागचा हलला नाही. सिलिंडरच्या दांड्यांवर नख फिरवून पाहिले, ओरखडे नव्हते. उताराच्या रस्त्यावर पुढे-मागे नेले, ब्रेक पाहिला, चाकांच्या आतल्या बाजूला ऑइल आहे का ते पाहिले. सव्वा तास खोदले. हाताचा जोर पहिल्या मिनिटाला होता तसाच राहिला.

कागदही नीट होते. आरसी वरचे इंजिन आणि चेसी नंबर यंत्रावर कोरलेल्या नंबरांशी जुळले. परिवहन खात्याच्या पोर्टलवर नंबर टाकून पाहिला तर एकच मालक, कर भरलेला, विमा चालू. बँकेचा बोजा फिटल्याचे पत्र आणि फॉर्म ३५ मालकाने जपून ठेवले होते. नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० भरायला तो तयार होता. शिवाय आम्ही तहसील कचेरीत चौकशी केली, कारण विनापरवाना मुरूम काढताना पकडलेल्या यंत्रांवर दंड असतो आणि तो न भरता यंत्र विकले जाते. तसेही काही नव्हते. किंमत साडेसहा लाख. आमची मर्यादाही तीच. घासाघीस करावीशीही वाटली नाही.

मग चहा आला आणि मालक म्हणाला, "पावती चार लाखांची करू. अडीच रोख द्या." त्याच्या घरचे कारण होते, भावाभावांतल्या वाटणीचे. माणूस वाईट नव्हता.

अडीच लाख रोख. आयकर कायद्याने एका व्यवहारात दोन लाख वा अधिक रक्कम रोख स्वीकारायला मनाई आहे, आणि आपल्या वहीत अडीच लाख कोणत्या नावाने लिहायचे? समितीतल्या एका भावाने जे म्हटले ते मी लपवत नाही, कारण क्षणभर माझ्याही मनात तेच होते: "दहा पाड्यांचे पाणी एका पावतीपायी अडवायचे का?" अर्धा तास आम्ही त्या ओट्यावर बसलो होतो. समोर यंत्र उभे होते.

२ करिंथ ८ मध्ये पौल यरुशलेमच्या गरिबांसाठी जमलेले दान घेऊन जाणार आहे. तो एकटा जात नाही. मंडळ्यांनी नेमलेला भाऊ सोबत घेतो, आणि कारण सांगतो की एवढ्या मोठ्या रकमेच्या कारभारात कोणी बोट ठेवू नये. देवासमोर व्यवहार चोख असणे पौलाला पुरेसे वाटत नाही, तो माणसांसमोरही चोख दिसला पाहिजे. पौलावर कोणाचा संशय होता असे तिथे म्हटलेले नाही. संशय यायच्या आधीच तो व्यवस्था करतो. आपल्या वहीत चार लाखांची पावती आणि अडीच लाखांची चिठ्ठी असती, तर रविवार शाळेच्या मुलांच्या डब्यांतले पैसे कोणत्या बाजूला गेले हे मला सांगता आले नसते.

पूर्ण रकमेची पावती आणि बँकेतून पैसे, एवढेच आम्ही मागितले. मालकाने दोन दिवस मागितले आणि मग नाही म्हटले. पुढच्या आठवड्यात ते यंत्र दुसऱ्याने नेले. मला अजून ते आठवते, विशेषतः त्या ग्रीस लावलेल्या पिना. दरम्यान दोन पाड्यांचे चर आम्ही भाड्याच्या यंत्राने पुरे केले. त्यात ७१ तास गेले आणि त्यांचा खर्च सर्वसाधारण निधीतून झाला. यंत्रासाठी दिलेल्या आठ लाखांना हात लावलेला नाही. ते बँकेत आहेत.

खड्ड्याची जबाबदारी

यंत्र आले की खड्डेही येतील, म्हणून हे आताच लिहितो. निर्गम २१:३३-३४ मध्ये नियम आहे की कोणी खड्डा खणून उघडा ठेवला आणि त्यात कोणाचा बैल किंवा गाढव पडले, तर खणणाऱ्याने भरपाई द्यावी. जनावरासाठी जर एवढी जबाबदारी, तर लेकरासाठी किती?

शेततळ्यात बुडून मुले जातात. प्लॅस्टिक अंथरलेल्या तळ्याच्या काठावरून पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही, पाय घसरतो. म्हणून प्रत्येक तळ्याच्या खर्चात तारेचे किंवा काटेरी कुंपण आणि काठाला बांधलेला गाठींचा दोर धरला आहे. तो खर्च वाचवून आणखी एक तळे करता येईल, असे सुचवणाऱ्यांना मी नम्रपणे नकार दिला आहे. चर छातीपेक्षा खोल गेला तर बाजू उतरत्या कापल्याशिवाय किंवा फळ्यांचा आधार दिल्याशिवाय कोणी आत उतरणार नाही. एक घनमीटर माती दीड टनाच्या पुढे भरते, आणि ती कोसळताना हाक मारत नाही. काढलेली माती चराच्या कडेला रचायची नाही. बकेटमध्ये बसून कोणी जाणार नाही, मग मुले कितीही हट्ट करोत. उतारावर लोडरची बकेट खाली ठेवूनच चालायचे, कारण छोटे यंत्र उलटायला वेळ लागत नाही. वनहक्काच्या पट्ट्यांवर किंवा जंगलाच्या हद्दीत कागद पाहिल्याशिवाय यंत्र शिरणार नाही, नाहीतर दंड आपल्याला आणि त्रास त्या कुटुंबाला.

चालवणार कोण? पाड्यावरचे दोन तरुण निवडले आहेत. एकाकडे ट्रॅक्टरचा परवाना आहे, दुसरा भट्टीवरच्या ट्रकवर हेल्पर होता. यंत्राचा रीतसर परवाना मिळेपर्यंत ते अनुभवी ऑपरेटरच्या हाताखाली शिकतील. रोजच्या तासांची, डिझेलची आणि ग्रीसची वही तेच लिहितील, आणि ती वही दर तीन महिन्यांनी या पत्रिकेत छापू.

तिसरे यंत्र

तिसऱ्या यंत्राची बातमी घोटीच्या बाजूने आली आहे. सहा लाख सांगतात. मालक पूर्ण रकमेची पावती द्यायला तयार आहे, हे आम्ही यंत्र पाहण्याआधीच विचारून घेतले. पाठवलेल्या व्हिडिओत मागच्या हाताची एक पिन सैल वाटते, पण व्हिडिओवरून मत बनवू नये. ते चांगले निघाले तर मार्चपासून काम सुरू होईल आणि मेपर्यंत निदान तीन पाड्यांचे चर पुरे होतील. नाही निघाले तर हा हंगाम भाड्याच्या यंत्रावर काढू.

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी सकाळी सहाला जव्हारहून निघायचे आहे. आमच्या मिस्त्रीचे डोळ्याचे ऑपरेशन झाल्याने तो येऊ शकत नाही. तुमच्या मंडळीत कोणी हायड्रॉलिकचे काम केलेला भाऊ किंवा निवृत्त ऑपरेटर असेल, तर त्याला आपल्या पाळकांमार्फत आम्हाला कळवायला सांगा. जेवणाची सोय आम्ही करू. अंगावर जुने कपडे असावेत, आणि टॉर्च व खडूचा तुकडा सोबत आणावा.